चौसष्ट नंबरची किल्ली

मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत शिरले की डाव्या हाताला एक लांबट खोली लागे. तिच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी फळा होता. फळ्यावर छोट्या खुंट्यांच्या रांगा, प्रत्येक खुंटीवर एक किल्ली आणि प्रत्येक किल्लीला नंबर ठोकलेली पितळी चकती. अशा एकशे अठरा किल्ल्या एकवीस वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला सगळे किल्लीमामा म्हणत.

मामांचा नियम साधा होता. किल्ली एक तर खुंटीवर असेल, नाहीतर रजिस्टरमध्ये ज्याची सही असेल त्याच्या अंगावर. तिसरी जागा नाही. टेबलावर ठेवलेली, खिडकीत विसरलेली, 'आत्ता देतो' म्हणून भलत्याच्याच हाती दिलेली किल्ली त्यांना खपत नसे. एकदा खुद्द अधीक्षक औषधाच्या कोठाराची किल्ली खिशात टाकून घरी गेले, तेव्हा मामा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "साहेब, तुम्ही निवांत जेवा. पण हिची खुंटी तिकडं उपाशी बसलीय, हिला नेतो," असे म्हणून त्यांनी किल्ली परत आणली. हा किस्सा नव्या नर्सला पहिल्याच दिवशी ऐकवला जाई. पाळी बदलली की मामा फळ्यासमोर उभे राहून बोटाने एकेक चकती मोजत. नेणाऱ्याचे नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, सही. रजिस्टरचा एकही रकाना एकवीस वर्षांत कोरा राहिला नव्हता.

रोज सकाळी सातला स्त्रियांच्या वॉर्डाचे दार मामा स्वतः उघडत. दार उघडले की समोर पन्नाशीची एक बाई उभी असे. केस घट्ट विंचरलेले, कपडे नीटनेटके.

"भाऊजी, पाय ओढत चालताय. गुडघा पुन्हा धरला वाटतं," ती म्हणे.

"नाही वहिनी, बरा आहे," असे पुटपुटून मामा पाठ फिरवत.

ती त्यांची सख्खी वहिनी होती. मामा नऊ वर्षांचे असताना ती त्यांच्या घरात आली. स्वयंपाक करता करता तिनेच त्यांच्याकडून पाढे घोकून घेतले, तिनेच त्यांच्या तापात रात्री जागून काढल्या. तिला स्वतःला मूल झाले नाही. मामांना मुलगी झाली तेव्हा सर्वांत आधी ती वहिनीच्या मांडीवर आली आणि बोलू लागल्यावर तिला 'मोठी आई' म्हणू लागली.

साडेचार वर्षांपूर्वी मामांचा थोरला भाऊ कारखान्यात यंत्रात सापडून गेला. त्यानंतर वहिनी तीन महिने कुणाशी बोलली नाही. एक दिवस ती अनवाणी घराबाहेर पडली आणि कारखान्याच्या दारात जाऊन बसली. कुणी विचारले, तर म्हणाली, "पाळी सुटायची वाट बघतेय." चारचौघांनी तिला हाताला धरून घरी आणले. त्याच संध्याकाळी मामांच्या आईने विषय काढला. "आळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही हिनं. तू त्याच दवाखान्यात आहेस. पंधरा दिवस ठेव तिथं, डोकं शांत होईल."

पंधरा दिवसांची चार वर्षे झाली. खरे म्हणजे पाचव्याच महिन्यात वॉर्डाच्या डॉक्टरबाईंनी तिच्या कागदावर लिहिले होते, 'पूर्ण बरी. घरी पाठवण्यास हरकत नाही.' घरच्या माणसाने येऊन एक सही करायची, एवढेच उरले होते. तो सहीचा कागद मामांनी किल्लीखोलीच्या खणात ठेवला होता. त्या वॉर्डात एकेचाळीस बायका होत्या आणि त्यांतल्या एकोणीस जणींच्या कागदावर हेच वाक्य लिहिलेले होते. त्यांना न्यायला कुणी आले नव्हते. दाराला कुलूप होते ते त्यांच्या आजारासाठी नव्हे, त्यांच्या माणसांच्या लाजेसाठी.

मामांच्या घरातली लाज अशी होती की मुलगी लग्नाची झाली होती. ती शाळेत शिकवत असे, दिसायला चारचौघींसारखी, बोलायला धीट. दोन ठिकाणची बोलणी मोडली होती. "घरात वेडी आहे हे कळलं की कोण करणार पोरीला? एकदा तिचं होऊ दे, मग आण बाबा तुझ्या वहिनीला," असे आई म्हणे. बायको काही म्हणत नसे, पण तिचेही मत तेच होते. मुलगी वर्षातून पाच-सहा वेळा विचारी, "मोठ्या आईला कधी सोडणार?" मामा सांगत, "डॉक्टर सोडत नाहीत गं." मुलीने भेटायला यायचे म्हटले, तर म्हणत, "तिला त्रास होतो ओळखीची माणसं बघून."

त्या वॉर्डात तिशीची एक बाई होती. तिला शब्द नीट फुटत नसत, तोंडातून नुसती चिवचिव निघे, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिला फिट येत. फिट म्हणजे वेड नव्हे, गोळ्या वेळेवर दिल्या तर ही घरात सुखाने राहील, असे डॉक्टरबाईंनी तिच्या भावाला समजावून सांगितले होते. भाऊ 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणून गेला आणि परत फिरकला नाही. वहिनीने चिमणीला आपल्या शेजारची खाट दिली. फिट आली की कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचे, तोंडात काही कोंबायचे नाही, हे तिने डॉक्टरबाईंकडून शिकून घेतले होते. चिमणी रात्री वहिनीच्या कपड्याचे टोक मुठीत धरून झोपे.

तो गुरुवार होता. शुक्रवारी वरून तपासणीची माणसे यायची होती, म्हणून वॉर्डाच्या भिंती रंगवायला काढल्या होत्या. अनोळखी पुरुष, शिड्या, रंगाचा वास यांनी चिमणी बिथरली. तिने रंगाचा डबा पालथा केला आणि ओरडू लागली. सिस्टर मेटाकुटीला आल्या होत्या. त्यांनी मामांना बोलावणे पाठवले.

"मामा, हिला तासभर एकटीच्या खोलीत ठेवा. एवढा हात फिरून होऊ द्या भिंतींवर."

एकटीची खोली म्हणजे वॉर्डाच्या टोकाची अरुंद खोली. जाड दार आणि दाराला छातीच्या उंचीवर हात जाईल एवढी गजांची फट. तिच्या कुलपाला तीन किल्ल्या होत्या. सिस्टरांकडची आठ दिवसांपूर्वी कुलपातच मोडली होती. दुसरी सीलबंद पाकिटात, अधीक्षक साहेबांच्या लोखंडी कपाटात. आणि साहेब कपाटाची किल्ली घेऊन दोन दिवस बाहेरगावी गेले होते. तिसरी फळ्यावरची, चौसष्ट नंबरची. मामांनी ती काढली, रजिस्टरमध्ये अकरा-वीस अशी वेळ लिहिली आणि चिमणीला आत नेले. वहिनी मागोमाग आली.

"भाऊजी, हिला कोंडू नका. सकाळपासून हिची नजर ठरत नाहीये एका जागी. फिट यायच्या आधी अशीच करते ती."

"तासाभराचा तर प्रश्न आहे, वहिनी."

"मग मलाही बसवा आत तिच्यापाशी."

"तसा नियम नाही," मामा म्हणाले. त्यांनी कुलूप लावले आणि वहिनीच्या डोळ्यांदेखत किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

ते किल्लीखोलीत पोचले तर फोन वाजत होता. बायको कुजबुजत बोलत होती. "अहो, माणसं आत्ताच आली. चारला येणार होती ना ती? मुलाचे आई-वडील दोघंही आहेत. तुम्ही असाल तसे या."

मामांनी घाईघाईने रजिस्टर पुढे ओढले आणि चौसष्टसमोर 'आणल्याची वेळ ११.४०' असे लिहून सही ठोकली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणाले, "जरा खोलीकडे बघ. टपालात जाऊन येतो." चार पावले गेल्यावर खिशातली चकती बरगडीला लागली. ते थांबले. परत किल्लीखोलीत जायचे, किल्ली खुंटीला अडकवायची. मिनिटा-दोन मिनिटांचे काम. पण पाहुणे खोळंबले होते, पहारेकरी बघत होता आणि तासभर चिमणीच्या खोलीकडे कुणी जाणार नव्हते. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मामा किल्ली खिशात घेऊन फाटकाबाहेर पडले.

घर दहा मिनिटांवर होते. पुढच्या खोलीत मुलाचे आई-वडील बसले होते. माणसे सुस्वभावी दिसत होती. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, नोकरीचे विचारून झाले. मग मुलाच्या आईने सहज विचारले, "घरात आणखी कोण कोण असतं?"

मामांची आई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती. ती म्हणाली, "आम्ही एवढेच. थोरला मुलगा अपघातात गेला. त्याच्या मागोमाग सहा महिन्यांत सूनही गेली. दुःखच सोसवलं नाही बिचारीला."

चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली. तिने वडिलांकडे बघितले. मामा जमिनीकडे बघत होते.

"चांगली माणसं टिकत नाहीत," मुलाची आई हळहळली.

"हो," मामा म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटे झाली होती. खिशावर हात गेला तशी चकती बोटाला लागली. आता उठावे असे त्यांच्या मनात आले, पण मुलाचे वडील मुहूर्ताचे बोलू लागले होते आणि आईने डोळ्यांनीच त्यांना बसायला सांगितले. मामा बसले. आणखी पंधरा मिनिटे बसले.

नेमक्या त्याच वेळी, बारा वाजून पाच मिनिटांनी, एकटीच्या खोलीत काहीतरी धप्पकन आपटले. वहिनी दाराबाहेर जमिनीवर बसून होती. ती उठली आणि फटीला डोळा लावला. चिमणी पालथी पडली होती आणि तिचे अंग झटके देत होते. तोंड कोपऱ्यातल्या गादीत रुतले होते.

वहिनीने आरडाओरडा केला. सिस्टर धावल्या, वॉर्डातल्या आयाबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, त्या किल्लीखोलीकडे पळाल्या. पहारेकऱ्याने फळा बघितला. चौसष्टची खुंटी रिकामी होती. रजिस्टर बघितले. तिथे मामांची सही होती. किल्ली परत आली होती. मामांची सही म्हणजे किल्ली इथेच असणार. दोघांनी टेबलाखाली बघितले, खण उपसले, शेजारच्या खुंट्या चाचपल्या, चुकून दुसऱ्या किल्लीत अडकली असेल म्हणून एकेक किल्ली झटकली. खोटी सही नसती, तर कुणीतरी पहिल्या मिनिटालाच पहार शोधायला पळाले असते. त्या सहीवर विश्वास ठेवण्यात बारा मिनिटे गेली.

डॉक्टरबाई धावत आल्या आणि दार फोडायला सांगितले. पण ते दार फुटू नये म्हणूनच बनवलेले होते. वहिनीने फटीतून खांद्यापर्यंत हात आत घातला होता. बोटे चिमणीपासून हातभर लांब राहत होती. ती एकच गोष्ट सारखी सांगत होती, "कुशीवर वळ बाळा. जरा कुशीवर वळ." झटके कमी झाले. मग थांबले. वहिनीचा हात तसाच आत राहिला.

मामा साडेबाराच्या पुढे फाटकातून आत शिरले तेव्हा फाटकावर कुणी नव्हते आणि त्यांना पहारीचे घाव ऐकू आले. आवाज कुठल्या दारावरचा आहे हे त्यांना त्या क्षणी कळले. दुखरा गुडघा घेऊन ते धावले. किल्ली एका फेऱ्यात फिरली. डॉक्टरबाई आत शिरल्या, चिमणीला उताणे केले, छाती दाबत राहिल्या. बराच वेळ दाबत राहिल्या. मग त्यांनी हात काढून घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या.

"मामा, कुठं सापडली हो किल्ली?" मावशींनी रडत विचारले.

"खाली पडली होती," मामा म्हणाले. "टेबलाच्या मागं."

वहिनीने आपला सुजलेला हात छातीशी धरला होता. तिने मामांकडे बघितले.

तपासणी पुढे ढकलली गेली. साहेब परत आले आणि शनिवारी त्यांच्या खोलीत चौकशी बसली. डॉक्टरबाई, सिस्टर, मावशी, मामा. मध्ये रजिस्टर उघडे ठेवलेले.

"वहीत सगळं स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. "अकरा-चाळीसला किल्ली जागेवर आली. म्हणजे शोधणाऱ्यानं धांदलीत पाडली, नाहीतर नीट बघितलीच नाही. मावशी, तुमच्या हातून झालंय हे."

"साहेब, खुंटी रिकामी होती. मी पोटच्या लेकरांची शपथ घेते."

"मग काय किल्ली चालत गेली?"

डॉक्टरबाईंनी सांगितले की त्या दिवशी चिमणीच्या दाराबाहेर बसलेल्या बाईला काही सांगायचे आहे. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणता येईना. वहिनी आत आली आणि उभ्यानेच बोलली, "किल्ली फळ्यावर गेलीच नव्हती. भाऊजींनी खिशात टाकली आणि खिशातूनच काढली. मी बघितलं."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "डॉक्टर, ही तुमची पेशंट. उद्या म्हणेल किल्ली माझ्या खिशात होती. वेड्या बाईच्या जबानीवर कुणाला धरायचं असतं का?"

"त्या वेड्या नाहीत. चार वर्षांपूर्वीच मी तसं लिहिलंय."

"मग चार वर्षं इथं काय करतायत? घरच्यांनाही पटलेलं नाही ना ते," साहेब म्हणाले. त्यांना ठाऊक होते घरचे कोण आहेत ते. त्यांनी मामांकडे वळून विचारले, "मामा, तुमचं काय म्हणणं?"

"रजिस्टरमध्ये आहे तेच," ते म्हणाले.

बाहेरच्या व्हरांड्यात मावशींनी त्यांना गाठले. "मामा, मी विधवा बाई. दोन लेकरं या नोकरीवर आहेत. पण ते सोडा. त्या मुक्या जिवाला मी मारलं, असं लिहिणार हो माझ्या कागदावर?" मामा चालू लागले.

संध्याकाळी घरी सगळे खुशीत होते. मुलाकडून होकार आला होता. आई आठवड्याच्या आत सगळे उरकायचे म्हणत होती. फक्त मुलगी गुरुवारपासून गप्प होती. वडील हातपाय धुऊन आले तशी ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मोठी आई जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग आजी त्या दिवशी काय म्हणाली? आणि तुम्ही हो का म्हणालात?"

कदाचित चार वर्षे असा थेट प्रश्न कुणी विचारावा म्हणूनच मामा थांबले होते. ते भिंतीशी बसले आणि त्यांनी सगळे सांगितले. डॉक्टरांचा कागद, चार वर्षे न केलेली सही, खिशातली किल्ली, घड्याळातली बारा-पाचची वेळ, वहिनीचा सुजलेला हात, मावशी. सांगताना ते रडले नाहीत. ऐकणाऱ्या बायकोने मात्र तोंडावर हात धरला.

"झालं ते झालं," ती म्हणाली. "जाणारी गेली. आता खरं सांगून ती परत येणार आहे का? तुमची नोकरी जाईल, वर खटला होईल. पोरीचं ठरलेलं मोडेल. अहो, थोडे दिवस तोंड बंद ठेवा. मी पाया पडते."

"मावशीचं काय?" मामांनी विचारले.

"दुसरं काम मिळेल तिला कुठंतरी."

"वहिनी म्हणून वागवलं नसतं तर एवढं झालंच नसतं," आई कोपऱ्यातून म्हणाली. "तिला तेव्हाच माहेरी धाडायला हवं होतं."

मुलगी आजीकडे वळली. "आजी, मला तू ज्या घरात पाठवतेयस, तिथं मला मोठी आई मेली असं सांगून जायचंय. उद्या मीच तीन महिने बोलले नाही, तर ती माणसं मला कुठं ठेवतील? आणि मी मेले असं कुणाला सांगतील?"

आजीने तोंड फिरवले. मुलगी वडिलांना म्हणाली, "तिकडं एक बाई मरत होती आणि दुसरी तिच्या दाराशी ओरडत होती. आणि आपण इथं माझं लग्न ठरवत होतो. असलं लग्न मला नको, बाबा."

मामांना वाटले होते, घरात खरे सांगितले की छातीवरचे ओझे उतरेल. ते उतरले नाही. उलट आता ते नेमके कुठे बसले आहे ते कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा आधी कामावर आले. त्यांनी रजिस्टर उघडले. चौसष्टसमोरच्या वेळेवर एक आडवी रेघ मारली, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिले, 'किल्ली ११.४० ला आणली नाही. माझ्या खिशात होती. मी ती घरी नेली. दार १२.४० ला उघडले.' खाली सही केली. मग खणातला चार वर्षांचा कागद काढला, त्यावरही सही केली आणि दोन्ही घेऊन साहेबांसमोर ठेवले.

साहेबांनी वाचले. बराच वेळ ते कागद सरळ करत राहिले. "मामा, तुम्हाला कळतंय ना काय केलंत? मी ही वही बघितलीच नाही असं समजतो. पान फाडा. मावशीचं मी बघतो, तिला दुसऱ्या विभागात टाकतो. प्रकरण मिटेल."

"पान फाडलं तर मागच्या पानावरची नोंदपण जाईल," मामा म्हणाले. "आणि मी फाडणार नाही."

"त्या मुलीसाठी विचारायला कुणी येणार आहे का? भाऊ पत्ता खोटा देऊन गेलाय. कशासाठी जिवावर उदार होताय?"

"कुणी विचारणार नाही म्हणूनच मला सांगायचंय, साहेब. कुणी विचारणार असतं तर मी तिला तशी ठेवून घरी गेलोच नसतो. माझ्या वहिनीबद्दलही बाहेरच्या कुणी विचारलं नाही, म्हणून मी तिला चार वर्षं ठेवली. ती खरं बोलली. ती वेडी नव्हती. मला ती वेडी असायला हवी होती."

साहेबांनी त्याच दिवशी मामांना कामावरून दूर केले. पुढे पोलिसांत तक्रार गेली, खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. मावशींचे नाव कागदातून काढले गेले. मामा आपले सामान घ्यायला आले तेव्हा त्या किल्लीखोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, पण मामांशी बोलल्या नाहीत. मामांनीही ती अपेक्षा केली नाही.

वहिनीला न्यायला मामा वॉर्डात गेले. तिने गाठोडे बांधले नव्हते. ती चिमणीच्या खाटेवर बसली होती.

"वहिनी, घरी चला," मामा म्हणाले. "मी तुमच्या पाया पडतो."

"पाया पडू नका. मला त्याचं काय करायचं?" ती म्हणाली. "मला बाहेर काढायला या पोरीला मरावं लागलं, एवढं तुम्ही लक्षात ठेवा. मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. आणि मी तुमच्या घरी येत नाहीये. ते माझ्या नवऱ्यानं बांधलेलं घर आहे. मी माझ्या घरी चाललेय."

"हो," मामा म्हणाले.

घरात तिचे स्वागत झाले नाही. सासूने खोलीचे दार लावून घेतले आणि कित्येक दिवस तिच्या हातचे पाणी घेतले नाही. मुलाकडच्यांना मुलीने स्वतः पत्र लिहून कळवले; त्यांचे उत्तर आले नाही. घर आता मुलीच्या पगारावर चालले होते. शेजारच्या बायका जिन्यात भेटल्या की आवाज खाली आणत. वहिनी पहाटे उठून पाणी भरे, मुलीचा डबा करी आणि उरलेला दिवस खिडकीशी बसून राही. आठव्या दिवशी तिने मुलीकडे वही मागितली.

"लिहून घे," ती म्हणाली आणि सांगू लागली. एक पत्ता, मग दुसरा. रस्ता, घराचा नंबर, कोपऱ्यावरचे दुकान, जिन्याची बाजू. एकंदर अठरा पत्ते. वॉर्डातल्या बऱ्या झालेल्या बायका दिवे मालवायच्या आधी एकमेकींना आपापला पत्ता म्हणून दाखवत, विसरायला होऊ नये म्हणून. चार वर्षांत वहिनीला सगळ्यांचे पाठ झाले होते. "एकीला तर स्वतःचं घर कुठल्या मजल्यावर आहे तेही आठवेनासं झालंय," ती म्हणाली. "माझ्याकडून ऐकायची रोज."

मामा भिंतीशी बसून ऐकत होते. "मी येतो तुमच्याबरोबर," ते म्हणाले. वहिनीने हो म्हटले नाही, पण रविवारी ती निघाली तेव्हा तिने दार उघडेच ठेवले.

तेव्हापासून दर रविवारी ती दोघे एका पत्त्यावर जातात. वहिनी दोन पावले पुढे, मामा मागे गुडघा सांभाळत. वर्ष झाले. तीन बायका आपापल्या घरी गेल्या. दोन घरांनी पत्ताच बदलला. एका दारात कुत्रे सोडले गेले. डॉक्टरबाई उरलेल्या बायकांचे कागद घेऊन सरकारदरबारी खेटे घालत आहेत.

परवाच्या रविवारी ती दोघे एका नव्या इमारतीत गेली. दार उघडणारा गृहस्थ सुशिक्षित होता, पायात घरातल्या चपला, हातात वर्तमानपत्राची पुरवणी. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. माझी बहीण सहा वर्षांपूर्वी वारली."

"कशानं?" वहिनीने विचारले.

त्याने दार लोटले. आतून कडी लागली, मग वरचा खटका, मग किल्ली फिरली. मामांनी तीनही आवाज ओळखले.

"उतरायचं का खाली?" त्यांनी विचारले.

"नाही," वहिनी म्हणाली आणि पायरीवर बसली. दारापलीकडे पावलांचा आवाज झाला नव्हता. तो गृहस्थ अजून तिथेच उभा होता. वहिनीने आवाज न चढवता दाराशी बोलायला सुरुवात केली. "तिला आता चष्मा लागलाय. डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तुमच्या मुलाचा वाढदिवस तिला तोंडपाठ आहे. तो आता कितवीत आहे, एवढं तरी सांगा, म्हणजे मी तिला जाऊन सांगेन."

वरच्या मजल्यावरून उतरणारी माणसे या दोघांना वळसा घालून खाली जात होती. मग दारामागून, अगदी जवळून, कुणीतरी म्हणाले, "नववीत."

किल्ली फिरली नाही. वहिनी तिथेच बसून राहिली.